देव्हाऱ्याची दारं

लाकूडकाम मी निवृत्त झाल्यावर सुरू केलं. मोबाइलवर काही लोक पांढऱ्या शर्टाला भुसा न लागू देता पाऊण तासात टेबल करून दाखवतात, ते पाहून मी भुललो. जन्मभर मी पांढुर्ण्याच्या जनपद पंचायतीत बाबू होतो. फायली या टेबलावरून त्या टेबलावर केल्या, पण टेबल कसं करतात ते ठाऊक नव्हतं. घरामागे टिनाचं शेड होतं, त्यात पूर्वी सरपण असायचं. गॅस आल्यावर सरपण गेलं आणि तिथे मी शिरलो.

लग्न माझं झालं नाही. का, ते विचारायचं आता गावातल्या लोकांनीही सोडून दिलंय. थोरल्या भावाला सगळे भैय्याजी म्हणायचे, मीसुद्धा. त्यांच्याच घरात मागची एक खोली माझी होती आणि जेवण छायावहिनीच्या हातचं होतं. भैय्याजी गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, वहिनी पुढे आणि मी मागे. वहिनीचा स्वभाव सरळ. गोड बोलून कुणाचं मन राखणं तिला जमत नाही. त्यामुळे माझ्या सुतारकामाचं काय चाललंय हे मला इतर कुणाला विचारावं लागलं नाही.

पहिली वस्तू केली ती लाटणं. सौंसरचा गुणवंता माझ्यासोबत नोकरीत होता. त्याने म्हातारा झालेला संत्र्याचा बगीचा उपटला, तेव्हा काही खोडं मला दिली. काय सुंदर लाकूड, हळदीसारखं पिवळं आणि हाताला जड. मला धीर कुठला? ओलं असतानाच तासलं, घासलं, तेल लावून वहिनीच्या हातात दिलं. आठवडाभरात ते वाकलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, याच्यानं पोळी एकाच बाजूले पळून राहिली." लाकूड वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा धडा मी तिथे शिकलो. शिकलो म्हणजे मान्य केला. बस उशिरा आली तरी माझं डोकं तापतं, लाकडाची वाट कोण पाहणार?

मग स्वयंपाकघराचं कपाट केलं. भर मे महिन्यात केलं आणि दार असं चोख बसवलं की मधून केस जाणार नाही. भैय्याजी तेव्हा होते. त्यांनी आल्यागेल्याला ते दार दाखवलं. श्रावणात झड लागली, सूर्य दिसेना, आणि दार फुगून चौकटीत गच्च बसलं. आत साखर, आत चहापत्ती. वहिनी हाक मारायची, "भाऊजी, चहा अडकला." मी शेडमधून यायचो, खाली पटाशी घालून, वर बुक्की मारून दार उघडायचो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कुणी पाहुणा आला की आणखी एकदा. भैय्याजी हसून लोटपोट व्हायचे.

उन्हाळ्यात दार बसवताना कडेला पोस्टकार्ड जाईल एवढी फट सोडावी लागते, म्हणजे पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागा मिळते. हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. रंधा घेऊन कड थोडी उतरवली असती की झालं असतं. मी उतरवली नाही. सगळा पावसाळा मला हाका येत राहिल्या आणि मी तोंड वाकडं करून, "काय कटकट आहे," म्हणत जात राहिलो. खरं सांगायचं तर तेवढ्या दिवसांत मी जितका खूश होतो, तितका नोकरीत कधीच नव्हतो. दिवाळीला दार आपोआप सैल झालं आणि हाका बंद झाल्या.

गेल्या थंडीत पुतण्या गजेंद्र आणि त्याची बायको पूनम नागपूरहून आले. जेवणं झाल्यावर गजेंद्रने घसा साफ केला. तो घसा साफ करतो म्हणजे निर्णय आधीच झालेला असतो.

"काका, आईचे गुडघे काही बरे होऊन नाही राहिले," तो म्हणाला. "आमच्या घराजवळच डॉक्टर हाय. तिले आता तिकडेच नेतो म्हणतो."

"ने ना," मी म्हणालो. काय म्हणणार? वहिनीच्या गुडघ्यांचे हाल मलाही दिसत होते. "आणि देव?"

"देव तर आईसंगच येतीन. इथं पूजा कोण करन?"

"मी काय मेलो का?"

"तसं नाही काका. पण नवरात्रात घट बसवाले जोडपं लागते, महालक्ष्म्या बसवाले लागते. तुमी तर..." आणि तो तिथेच थांबला. पूनम ताटं उचलायला लागली.

वहिनी मात्र थांबली नाही. "रीत तशी हाय, भाऊजी," ती म्हणाली. "एकट्या माणसाच्या घरी देव एकटे पडतेत."

देव एकटे पडू नयेत याची सगळ्यांना काळजी. मला फार राग आला, पण वहिनीवर रागावून काय उपयोग, ती जे आहे ते बोलते. आमच्याकडे चांदीचे टाक आहेत, बाळकृष्ण आहे, अन्नपूर्णा आहे, भादव्यातल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे आहेत. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळी भाऊकी आमच्या घरी लोटायची. छिंदवाड्याहून, नागपूरहून, सौंसरहून माणसं यायची, अंगणात चपलांचा ढीग लागायचा, आणि मी ओरडत फिरायचो की शेडमध्ये कुणी जाऊ नका. देव होते म्हणून माणसं यायची. देव गेले की या घरात एक म्हातारा आणि त्याचा भुसा राहणार होता.

तेवढ्यात पूनम बाहेर येऊन म्हणाली, "काका, देव्हारा तुमीच बनवा ना. बाजारातले सगळे प्लायवूडचे हायेत. आमाले घरचा पाहिजे."

आणि मी गाढवासारखा खूश झालो. दुसऱ्याच आठवड्यात टेप घेऊन रेल्वेने नागपूरला गेलो, हॉलमधली फ्रिजशेजारची जागा मोजली, चहा घेतला आणि संध्याकाळी परत आलो. रेल्वेत बसल्यावर डोक्यात आलं की हे देव घरातून जाऊ नयेत असं मला वाटतंय आणि त्यांना न्यायची पालखी मीच करतोय. पण शब्द दिला होता.

देव्हाऱ्यासाठी चांगलं जुनं लाकूड हवं म्हणून मी सौंसरला गुणवंताकडे गेलो. त्याने जुनं घर पाडून नवं बांधलं होतं, सागवानाच्या चौकटी गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं लाकूड, आता त्याला फुगणं नाही की वाकणं नाही. मी चौकटी निवडल्या. मग मी त्याच्याकडच्या आंब्याच्या फळ्या बाजूला काढल्या, तेव्हा तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

"हे कायले पाहिजे?"

"दारांचे पल्ले करतो."

"अबे सुधाकर, साग असून आंब्याचे पल्ले कायले करतं? आंबा पाणी पेते. झडीत फुगन, मंग उघडणार नाही."

"नाही उघडले तर मला बोलावतील," मी म्हणालो.

हे मी बोलायचं ठरवलं नव्हतं. गुणवंताने हातातली फळी खाली ठेवली. "जाचं हाय तं सरळ जा ना. नागपूर काय लंकेत हाय?"

"बोलावल्याशिवाय?"

"आपल्याच लोकायच्या घरी आवतण लागते का?"

गुणवंताच्या घरात दोन सुना आहेत, नातवंडं आहेत, बगीच्यात मजूर आहेत. आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्याला आतून दोनदा हाक आली आणि दोन्ही वेळा तो वैतागला. त्याला काय समजावणार? महालक्ष्म्यांच्या जेवणाला मला बोलावणं येणारच होतं, तसं ते शेजाऱ्यालाही येतं. जेवायला बोलावणं वेगळं आणि काम अडलं म्हणून बोलावणं वेगळं. मला दुसरं हवं होतं. कुणाचं तरी माझ्यावाचून अडावं, एवढीच माझी इच्छा होती आणि ती पुरी करायचा दुसरा मार्ग मला ठाऊक नव्हता. "तू चौकटी बांधून दे," असं मी त्याला जरा जोरातच म्हणालो.

आजवर केलेल्या सगळ्या चुका मी त्या देव्हाऱ्यात टाळल्या. लाकडाचे सांधे खिळे न मारता, एका फळीचं टोक दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवून केले. घाई केली नाही. जिथे फट दिसली तिथे भुसा आणि सरस भरून झाकलं नाही, तो भाग फेकून नवा केला. वर छोटा कळस घेतला, तोही माझ्या मानाने बरा झाला. आणि मग एक चूक समजून उमजून केली. पल्ले अखंड फळीचे केले. भर उन्हाळ्यात, लाकूड पापडासारखं कोरडं असताना, फट न सोडता ते चौकटीत बसवले. बाहेरून पॉलिश केलं, कडा मात्र कोऱ्या ठेवल्या, म्हणजे दमट हवेला आत शिरायला वाट राहील. वाईट काम करायला एवढं कौशल्य लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

वहिनी एकदा काठी टेकत शेडमध्ये आली. तिने पल्ला उघडला, लावला, पुन्हा उघडला. "भैय्याजी असते तं साऱ्या गावाले दाखवलं असतं," ती म्हणाली. मला तिच्याकडे पाहवेना. मी उगाचच रंध्याचं पातं काढून पुसत बसलो.

अक्षय तृतीयेला गजेंद्र गाडी घेऊन आला. वहिनीचं सामान आधीच बांधून झालं होतं. आमच्यात देव असेच उचलून नेत नाहीत. घरातल्या मोठ्या पुरुषाने हातात नारळ घेऊन त्यांना विचारायचं, चला म्हणायचं, जरा थांबायचं, पुन्हा म्हणायचं. भैय्याजी नाहीत, म्हणजे मोठा मी. पूजेला अपुरा आणि पाठवणीला मोठा. मी तसं बोलूनही दाखवलं. पूनम म्हणाली, "काका, असं नका ना म्हणू आजच्या दिवशी," आणि माझ्या हातात नारळ दिला.

मी देवांपुढे उभा राहिलो. शब्द वडिलांच्या तोंडून ऐकलेले होते. "आमच्या घरून नव्या घरी चला. इथं काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. तिथं सुखानं राहा." म्हणून थांबलो. मागे सगळे हात जोडून उभे होते. देव नाही म्हणत नाहीत, पण विचारायचं ते मनापासून विचारायचं असतं. पुन्हा म्हणालो, चला. तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला. सगळ्यांना वाटलं, काकांना देव जातात म्हणून भरून आलं. मला वेगळ्याच गोष्टीचं वाईट वाटलं होतं. पितळेच्या बाळकृष्णाला लोक नारळ देऊन तीन-तीनदा विचारतात. मी त्यांच्यात वाढलो, म्हातारा झालो, मला कुणी एकदासुद्धा चल म्हणालं नाही.

देव्हारा चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला. त्याआधी पूनमने दारं लावून पाहिली. "काय फिट बसले काका, हवा भी नाही जाणार," ती म्हणाली. वहिनी पुढच्या सीटवर बसली, देवांचं ताम्हण तिच्या मांडीवर. काच खाली करून म्हणाली, "जेवणाची आबाळ करू नका, भाऊजी." गाडी वळली. मी घरात आलो, तर घर एवढं शांत की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आमच्याच स्वयंपाकघरात झाल्यासारखी वाटली.

पुढचे महिने मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. रोज खिचडी केली आणि रोज ती जास्त झाली. शेडमध्ये कामाला बसायचो, पण करायचं कुणासाठी? एक स्टूल केलं. बसणारा मी एकटा आणि माझ्याकडे खुर्ची होतीच. दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही असे कितीतरी दिवस गेले. मग संध्याकाळी भाजीवाल्याशी भाव करताना आपला आवाज आपल्यालाच नवा वाटायचा. स्वतःच्या घरात मला असं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं.

एक काम मात्र मी नेमाने करत होतो. पल्ल्यांच्या फळीचे उरलेले दोन तुकडे मी एका छोट्या चौकटीत तसेच घट्ट बसवून शेडमध्ये ठेवले होते. हे इथे अडकले की पल्ले तिथेही अडकले, असा हिशेब. पहिल्या पावसात काही होत नाही, जमीनच सगळं पिऊन टाकते. झड लागावी लागते. आषाढात दोन सरी आल्या आणि पुन्हा ऊन पडलं. लोक आभाळाकडे कपाशीसाठी पाहत होते, मी दारांसाठी. श्रावणात एकदाची झड लागली. कपडे वाळेनात, मिठाचं पाणी झालं, आणि एका सकाळी तुकडे हलेनात. मी अंगठ्याने दाबून पाहिलं, मग बुक्की मारली. गच्च.

मी लहान रंध्याचं पातं परजलं. पटाशी, पेचकस, पॉलिशपेपर असं सगळं कापडी पिशवीत भरलं, दाढी केली आणि मोबाइल चार्ज करून समोर ठेवला. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, वहिनी म्हणत असेल, पाऊस आहे, भाऊजींना कशाला भिजवता. तिसऱ्या दिवशी वाटलं, गजेंद्र दौऱ्यावर असेल. झड चालूच होती. पिशवी दाराशी खुंटीला टांगलेली आणि मी रोज दाढी करून बसलेला. मला स्वतःचा राग यायला लागला, आणि माझा राग एकदा आला की तो घरात दुसरं कुणी नसल्यामुळे माझ्यावरच निघतो.

सोमवारी घरच्या ग्रुपवर पूनमने फोटो टाकला. माझा देव्हारा, त्यात सगळे देव, महादेवावर बेल, समोर समई. खाली लोकांनी हात जोडले होते. मी आधी बाकीचं पाहिलंच नाही, दारं उघडी दिसली म्हणजे अडकली नाहीत, एवढंच वाटलं आणि मी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग फोटो मोठा केला. दारं नव्हतीच. चौकटीच्या दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांच्या स्क्रूची भोकं दिसत होती.

मी गजेंद्रला फोन लावला. "दारं कुठं गेली?"

"अरे हो काका, ते पावसानं जाम झाल्ते," तो म्हणाला. "पूनमनं ओढून पाह्यले, मंग मी पेचकसानं काढूनच टाकले. आता मोकळं वाटते. बाल्कनीत ठेवले हायेत."

"मला फोन करायचा ना."

"तेवढ्यासाठी तुमाले कायले परेशान करा? एवढ्या पावसात याचं, जाचं. या वयात." त्याच्या आवाजात माया होती. ती नसती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "थांबा, आईले देतो."

फोन वहिनीकडे गेला. तिने खिचडीची चौकशी केली, मी गुडघ्यांची. मग ती म्हणाली, "भाऊजी, कपाटाच्या टायमालेच तुमाले समजलं होतं ना, पावसात दार फुगते म्हणून? मंग याले जागा काहून नाही सोडली?"

खोटं बोलता आलं असतं. विसरलो म्हटलं असतं तरी चाललं असतं, या वयात माणूस विसरतोच.

"मुद्दाम नाही सोडली, वहिनी," मी म्हणालो.

तिकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला. ती हुशार आहे, तिला फोड करून सांगावं लागत नाही.

"याचं होतं तं सरळ म्हणाचं ना," ती हळूच म्हणाली.

"तुम्ही सरळ म्हणायचं ना, चला म्हणून. देवांना माझ्याकडून म्हणवलंत तसं."

हे माझ्या तोंडातून गेलं. इतक्या वर्षांत मी वहिनीशी असं बोललो नव्हतो. ती रडली नाही, तिने मला वेड्यातही काढलं नाही.

"इथं दोनच खोल्या हायेत, भाऊजी," ती म्हणाली. "मीच हॉलमंदी झोपून राहिली, देवायच्या पुढं."

"हो," मी म्हणालो. ते खरंच होतं. "घर मोठं असतं तर?" हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही, कारण वहिनी खोटं बोलत नाही.